घटना कळवली जाईल

माझ्या हाताला जन्मजात कौशल्य आहे, अशी माझी गेल्या महिन्यापर्यंत समजूत होती. मी आवक-जावक विभागात हेडक्लार्क आहे. तिथे या कौशल्याला वाव नाही. म्हणून ते सगळं घरी वापरलं जातं. गळका नळ, कुरकुरणारं दार, बंद पडलेलं घड्याळ, या वस्तू मी स्वतः दुरुस्त करतो. त्यानंतर त्या दुरुस्त करायला माणूस येतो, ही गोष्ट वेगळी. नळवाल्याने एकदा मला विचारलं, "साहेब, याला आधी कोणी हात लावला होता का?" मी म्हणालो, "आधीच्या भाडेकरूने." घर आम्ही नवंकोरं घेतलेलं आहे.

पण काही गोष्टी मला जमतात, हेही नमूद केलं पाहिजे. फुटक्या चहाच्या कपाचा पेनस्टँड मी केला आहे. जुन्या कमरेच्या पट्ट्याचं माळ्याच्या दाराला लावलेलं बिजागर माझंच. किल्ल्यांच्या जुडग्याला कुठेही मिळणार नाही अशी हिरवी, सोनेरी दातांची पट्टी तारेने बांधून लावली आहे, तीही माझीच कल्पना. कार्यालयात तिघांनी ती कुठे मिळते म्हणून विचारलं होतं. असो, मुद्द्यावर येतो.

एका मंगळवारी संध्याकाळी मी घरी आलो तर बायको संगणकासमोर बसून मटार सोलत होती. संगणकासमोर मटार कोणी सोलत नाही, म्हणून मी विचारलं.

"पान उघडतंय," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"अर्धा किलो झाले."

बायको पुस्तकांची पानं लावते. म्हणजे मजकूर कुठे, चित्र कुठे, किती जागा सोडायची, हे सगळं संगणकावर जुळवते. लग्नाआधी एका छापखान्यात ती हे काम करायची. मग घर, माझ्या आईचं आजारपण, असं करत नऊ वर्षं सुटलं. आता एका प्रकाशकाने तिला बागकामाचं जाडजूड पुस्तक दिलं होतं. दोनशे चाळीस पानं, चारशे फोटो, मुदत सोमवार दुपारची. हे नीट झालं तर वर्षभराचं काम तिला मिळणार होतं. नाही झालं तर प्रकाशकाकडे दुसरं माणूस तयार होतं, आणि तसं त्यांनी गोड शब्दांत सांगूनही ठेवलं होतं. पण आमचा संगणक एकेका गुलाबाला दहा-दहा मिनिटं घेत होता.

"अहो, हा मला दगा देणार," ती म्हणाली. आवाजात रडू नव्हतं, पण मटार जरा जोरात भांड्यात पडत होते. मला खरंच वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की मी काहीतरी करतो, इथूनच सगळी गडबड सुरू होते.

"तू काळजी करू नकोस," मी म्हणालो. "मी बघतो."

तिने वर पाहिलं. काळजी तिला त्या क्षणापर्यंत एका गोष्टीची होती. आता दोन झाल्या.

मी बघतो आहे ही बातमी जिन्यात पसरायला वेळ लागला नाही. समोरच्या वहिनी सांगून गेल्या की त्यांचा संगणक नणंदेच्या लग्नाचे फोटो काढून टाकल्यावर पळायला लागला, आणि मनही हलकं झालं. खालच्या मजल्यावरचे निवृत्त ओव्हरसिअर आपली पाणसळ घेऊन वर आले. ओव्हरसिअरांनी आयुष्यभर रस्ते केले. जगातली कुठलीही अडचण ही मुळात पातळीची अडचण असते, असं त्यांचं मत आहे. त्यांनी संगणकाच्या डोक्यावर पाणसळ ठेवली, एक डोळा मिटला आणि निकाल दिला, "डावीकडे उतार आहे. चालेल कसा?" मग लग्नपत्रिकेची घडी करून डाव्या बाजूला सारली. संगणक समतल झाला आणि पूर्वीइतकाच हळू चालत राहिला.

शेवटी मी मेहुण्याला फोन केला. तो दूर दुसऱ्या शहरात संगणकाच्याच क्षेत्रात आहे. आमच्या संगणकात ती फुकटची, पण भलतीच शिस्तीची कार्यप्रणाली त्यानेच घालून दिली आहे.

"भावोजी, आधी एक वचन द्या," तो म्हणाला. "पेचकसाला हात लावणार नाही. मागच्या साफसफाईसारखं करू नका."

"मागची साफसफाई उत्तम झाली होती," मी म्हणालो. "झाकण परत बसलं होतं."

"बरं. झाकण न उघडता काम होईल. एक आज्ञा टाइप करायची. आपल्या पोटात कुठला भाग कुठे बसवला आहे, हे संगणक स्वतःच लिहून देईल. ते वाचून मला सांगा, मेमरी वाढवता येते का बघू." आणि त्याने चार अक्षरं सांगितली: एल, एस, एच, डब्ल्यू.

मी बायकोला स्वयंपाकघरात पाठवलं, स्वतःच्या नावाने संगणकात शिरलो आणि काळी खिडकी उघडली. या खिडकीत चित्र नाही, बटण नाही. नुसता काळोख आणि त्यात लुकलुकणारी एक रेघ. तुम्ही हुकूम द्यायचा आणि यंत्राने तो पाळायचा. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मला हुकूम द्यायची अशी संधी मिळाली नव्हती. मी ताठ बसून चारही अक्षरं टाइप केली.

उत्तर आलं. इंग्रजीत होतं, पण मतलब स्वच्छ होता: इशारा, हा कार्यक्रम महाअधिकाऱ्याने चालवायला हवा. त्याखाली थोडी किरकोळ माहिती होती, कनिष्ठ कर्मचाऱ्याला द्यावी तेवढीच. मेमरीची एकच मोघम ओळ. वरच्या जागेवर नेमणूक नाही हे मला कार्यालयात दर वर्षी कळतंच. ते घरच्या वस्तूने सांगायची गरज नव्हती.

मेहुणा म्हणाला, "आधी सुडो असा शब्द लिहा, म्हणजे हुकूम महाअधिकाऱ्याच्या अधिकाराने जातो, मग ती चार अक्षरं. पासवर्ड विचारेल." मी तसं केलं. पासवर्ड दिला. आणि पडद्यावर दोन वाक्यं उमटली. पहिलं, तुमचं नाव अधिकृत यादीत नाही. दुसरं, ही घटना कळवली जाईल.

कोण कळवणार? कोणाला? किती दिवसांत? काही खुलासा नाही. आता दुसऱ्या कोणी हे वाक्य हसण्यावारी नेलं असतं. पण मी स्वतः शेकडो पत्रांच्या शेवटी "उचित कार्यवाही करण्यात येईल" असं लिहिलेलं आहे. असल्या वाक्यामागे केवढी ताकद असते ते मला ठाऊक आहे. चुकून झालं असेल म्हणून मी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. एकूण पाच वेळा केला, म्हणजे पाच घटना झाल्या. मेहुण्याला परत फोन लावला तर तो प्रवासाला निघाला होता आणि फोन बंद.

मग मी तेच केलं जे आमच्या खात्यातला कोणीही समजूतदार माणूस करेल. मागणी येण्याआधीच खुलासा लिहून ठेवला. "विषय: मंगळवारी घडलेल्या पाच घटनांबाबत. महोदय, सदर कृती माझ्याकडून हेतुपुरस्सर झालेली नसून पत्नीच्या कामी साहाय्य करण्याच्या भावनेतून झालेली आहे. माझी सेवा निष्कलंक आहे. तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा." कोणाला पाठवायचा ते माहीत नसल्यामुळे "प्रति" पुढची जागा कोरी ठेवली. पुढचे दोन दिवस दाराची बेल वाजली की मी खिशातला खुलासा चाचपून मगच दार उघडत होतो. बुधवारी इस्त्रीवाला आला तेव्हा मी त्याच्या हातात तो जवळजवळ दिलाच होता.

गुरुवारी बायको म्हणाली, "तुम्ही बघणार होतात ना? काय झालं?"

"वरिष्ठ पातळीवर विचाराधीन आहे," मी म्हणालो.

तिने मला खुर्चीवरून उठवलं, स्वतः बसली, मी सांगितलेले शब्द टाइप केले आणि तिचा पासवर्ड दिला. चार सेकंदांत पडदा भरून माहिती वाहायला लागली.

"तुला कसं दिलं?" मी विचारलं.

"का नाही देणार? दादाने सगळा कारभार माझ्या नावावर करून दिलाय. तुमचं पत्रं लिहिण्यापुरतं खातं आहे."

म्हणजे आमच्या घरात एक महाअधिकारी होता आणि गेली चार वर्षं मी त्याच्याबरोबर एकाच ताटातलं लोणचं खात होतो. हा धक्का मी उभ्याउभ्याच पचवला.

अहवाल सव्वीस पानांचा निघाला. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून मी तो छापून आणला आणि पाटाएवढ्या टेबलावर पसरून लाल पेन घेऊन बसलो. इथे माझं खरं शिक्षण कामाला आलं. न समजणारा कागद गंभीर चेहऱ्याने शेवटपर्यंत वाचायचा, हेच तर मी रोज करतो. एका भागापुढे "बेवारस" अशा अर्थाचा शेरा दिसला, त्याखाली मी दोनदा लाल रेघ मारली. पण अकराव्या पानावर मला जे सापडलं त्यापुढे ते काहीच नव्हतं. मेमरी, जागा पहिली: चार जीबी. जागा दुसरी: रिकामी.

मी कपाटातून चार वर्षांपूर्वीचं दुकानाचं बिल काढलं. त्यावर स्पष्ट अक्षरात लिहिलं होतं: मेमरी, चार जीबी, दोन नग.

दोन नग! आणि आत एकच! चार वर्षं आम्हाला अर्ध्या संगणकावर बसवलं होतं. माझी बायको मटार सोलत होती आणि तिकडे तो दुकानदार, वर तोंड करून येता-जाता मला नमस्कार करत होता. माझं रक्त उसळलं. ओव्हरसिअरांना हाक मारली. त्यांनी अकरावं पान आणि बिल शेजारी शेजारी धरून पाहिलं आणि म्हणाले, "सरळ सरळ मालात काटछाट. आमच्याकडे डांबरात करायचे. आधी पुरावा सील करा."

मी कागदाची पट्टी कापली, तिच्यावर सही आणि तारीख केली, ओव्हरसिअरांनी साक्षीदार म्हणून सही केली आणि आम्ही ती संगणकाच्या तोंडावर, सुरू करायच्या बटणावरून आडवी चिकटवली. बायको कपडे वाळत घालून परत आली.

"हे काय?"

"पुरावा आहे. निकाल लागेपर्यंत हात लावता येणार नाही."

"माझी साठ पानं राहिलीत. सगळ्या वेली राहिल्यात." तिने शांतपणे पट्टी उपटली. "पुन्हा लावलीत तर तुमच्या तोंडावर लावीन." ओव्हरसिअरांना पाणसळ खाली राहिल्याचं आठवलं आणि ते गेले.

शुक्रवारी अर्धी रजा टाकून मी ग्राहक तक्रार कार्यालयात गेलो. खिडकीवरच्या बाईंनी सव्वीस पानं चाळली. "प्रत्येक पानावर मालकाची सही लागेल. बिलावर नाव कोणाचं आहे?"

"पत्नीचं."

"मग तुम्ही कोण?"

हा प्रश्न त्या आठवड्यात मला दुसऱ्यांदा विचारला जात होता. आधी यंत्राने, आता माणसाने. "मी तिचा नवरा," मी म्हणालो.

"नवऱ्यासाठी अधिकारपत्र लागतं. आणि आधी दुकानदाराला समक्ष भेटून म्हणणं मांडा, त्याचा नकार लेखी आणा. मग या." कागद परत देताना त्यांचं लक्ष माझ्या हातातल्या जुडग्याकडे गेलं. "छान आहे हो हे. कुठून घेतलं?"

"घरीच केलं," मी म्हणालो. त्या दिवसातला तेवढा एकच बरा क्षण होता.

शनिवारी सकाळी मी लेखी नकार आणायला निघालो. बरोबर साक्षीदार म्हणून ओव्हरसिअर, वही-पेन घेऊन. घरातून निघताना बायको वेलींशी झगडत होती. तिने रात्रीचा हिशेब मला सांगितला नाही, पण डोळ्यांखाली दिसत होता. "आज दिवसभरात नाही सरकलं तर मी त्यांना फोन करून नाही म्हणून सांगते," ती पडद्याकडे बघत म्हणाली. मी जिना उतरलो तो लढाईला निघाल्यासारखा.

दुकानदार काउंटरमागे जाड चष्मा लावून एका यंत्राची पाठ उघडून बसले होते. "या या साहेब. वहिनी बऱ्या आहेत?"

"बऱ्या राहतील कशा?" मी म्हणालो, आणि आवाजाला जोर यावा म्हणून हातातला जुडगा काउंटरवर आपटला. मग जे बोललो ते मी रस्त्याने पाठ केलं होतं. विश्वासघात झाला. एका बाईच्या नऊ वर्षांच्या प्रतीक्षेवर पाणी पडलं. सव्वीस पानी पुरावा आहे, तोही यंत्राच्या स्वतःच्या तोंडचा. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती, तीही ऐकत उभी राहिली. ओव्हरसिअर भराभर लिहून घेत होते.

दुकानदारांनी अकरावं पान वाचलं. बिल वाचलं. "अहवाल बरोबर आहे," ते म्हणाले. "बिलही बरोबर आहे."

"म्हणजे मान्य? लिहा हो, मान्य आहे म्हणतात."

"दोन पट्ट्या मी बसवल्या होत्या. माझ्या दुकानाची चिठ्ठी लावून, तारीख घालून." बोलता बोलता त्यांची नजर काउंटरवर स्थिरावली. त्यांनी माझा जुडगा उचलला, चष्म्याजवळ नेला, अंगठ्याने त्या हिरव्या पट्टीवरचा मळ पुसला. अर्धवट झिजलेली एक पांढरी चिठ्ठी होती तिच्यावर. इतकी वर्षं मला ती नक्षीच वाटत होती.

"साहेब," ते अगदी हळू म्हणाले, "हे कुठून घेतलं?"

"घरीच के—" मी म्हणालो आणि थांबलो.

दोन वर्षांपूर्वीची ती साफसफाई मला तपशीलवार आठवली. झाकण परत बसलं होतं, हे खरंच आहे. बसल्यावर टेबलावर एक स्क्रू आणि एक छानशी पट्टी उरली होती. स्क्रू मी फेकून दिला. पट्टी फेकवेना, इतकी सुबक होती. म्हणजे दोन वर्षं बायको अर्ध्या संगणकावर बसत होती आणि उरलेला अर्धा रोज सकाळी माझ्याबरोबर कार्यालयात जात होता.

ओव्हरसिअरांनी पेन वर करून विचारलं, "पुढे काय लिहू?"

अशा प्रसंगासाठी एक म्हण आहे. ती कृपया कोणी म्हणू नये. त्या आठवड्यात मी ती अकरा जणांकडून ऐकली आहे, त्यांतली तिघं म्हणजे तीच गिऱ्हाइकं, आणि तीही लगेचच.

मी हात जोडले. खरंच जोडले. "माझं चुकलं," म्हणालो. "मला काय हवं ते बोला. पण सोमवारी दुपारी तिचं पुस्तक द्यायचं आहे. ही परत बसवता येईल का?" दुकानदारांनी तार सोडली, पट्टीचे सोनेरी दात खोडरबरने घासले आणि समोरच्या यंत्रात लावून पाहिली. यंत्राने हूं की चूं केलं नाही. दुसऱ्यांदा लावली. नाहीच.

"गेली," ते म्हणाले. "दोन वर्षं खिशात, किल्ल्यांचे ओरखडे खात. कोणीही जाईल."

तक्रारीच्या कागदांची गुंडाळी हातात होती, ती कुठे लपवावी कळेना. दुकानदारांनी मागचा खण ओढला, आतून एक जुनी पट्टी काढली आणि पुसली. "एका जुन्या यंत्रातली पडून होती. वहिनींच्या कामाला होईल. नको, तुमच्याकडे देत नाही. मी येऊन बसवतो. तुम्ही बसवू नका." हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. मेलेली पट्टी तारेसकट माझ्या हातात परत ठेवली. "ही किल्ल्यांनाच लावा. शोभते."

त्यांनी येऊन पाच मिनिटांत पट्टी बसवली. बायकोने गुलाब उघडला. टिचकी वाजवावी तसा उघडला. मग मोगरा, मग जास्वंद. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही, नुसती पानं लावत सुटली. दुकानदार चहा घेऊन गेले. त्यांनी तिला काही सांगितलं नाही, हे त्यांचे दुसरे उपकार. सांगायचं काम माझ्यावर आलं.

मला तोंडाने सांगता येईना. मी खिशातला जुना खुलासा काढला, फाडला आणि नवा लिहिला. या वेळी "प्रति" पुढची जागा मला माहीत होती. विषय: मेमरीची पट्टी दोन वर्षं किल्ल्यांना लावल्याबाबत. महोदया. त्यात मी हेतुपुरस्सर, सहानुभूतीपूर्वक वगैरे काही लिहिलं नाही. तू दोन वर्षं वाट बघत बसलीस ती यंत्रामुळे नाही, माझ्यामुळे, एवढंच लिहिलं आणि कीबोर्डशेजारी ठेवलं.

तिने ते रविवारी संध्याकाळी, शेवटची वेल लावून झाल्यावर वाचलं. मी स्वयंपाकघरात भांडी घासत होतो. तीन दिवस मीच घासत होतो. कागद परत आला तेव्हा समासात तिच्या बारीक अक्षरात शेरा होता: "खुलासा वाचला. समाधानकारक नाही. पेचकस जमा करावा. चहा दोन कप."

पेचकस जमा केला. चहा पितापिता ती एकदम म्हणाली, "आणि मंगळवारचं काय? आठ दहा, आठ बारा, आठ पंधरा, आठ वीस आणि आठ एकवीस?"

"म्हणजे?"

"पाच वेळा माझ्या संगणकात घुसायला बघितलंत. दर वेळी मोबाइलवर निरोप आला मला. सगळा कारभार माझ्या नावावर आहे म्हटल्यावर कळवणार कोणाला? मलाच." आणि मग ती हसायला लागली. इतक्या दिवसांनी ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि माझ्याही आलं, पण माझं वेगळ्या कारणाने.

पुस्तक सोमवारी अकरा वाजता गेलं. आठवड्याने प्रकाशकांचा फोन आला. वर्षभराचं काम तिचं झालं. पहिलं पुस्तक घरगुती दुरुस्तीचं आहे. ते मला वाचायला मिळणार नाही, असं तिने आधीच बजावलं आहे.

मीही सुधारलो आहे. नळवाल्याला आता खरं सांगतो. फक्त परवा संध्याकाळी ती आतल्या खोलीत असताना मला वाटलं, दुसरी जागा खरंच भरली आहे का, एकदा आपल्या डोळ्यांनी बघावं. बसलो, काळी खिडकी उघडली, अगदी हलक्या बोटांनी सुडो आणि ती चार अक्षरं टाइप केली आणि पासवर्ड दिला. पडद्यावर उमटलं: ही घटना कळवली जाईल.

"कळली!" आतून आवाज आला.